वीस गुंठे

आमची जमीन साडेचार एकर. त्यातले वीस गुंठे माझे. सातबाऱ्यावर नाहीत, सातबारा सगळा मालकांच्या नावावर आहे; पण 2019 च्या मृगापासून त्या वीस गुंठ्यांत काय पेरायचं, काय टाकायचं आणि काय अजिबात टाकायचं नाही, हे मी ठरवते. राहिलेल्या चार एकरांचं ते ठरवतात. मधे बांध आहे. पहिली दोन वर्षं गावातल्या बऱ्याच जणांना वाटायचं, यांनी वाटणी केली. नवरा-बायकोत कुठं वाटणी होते का, असं विचारायलाही बाया घरी येऊन गेल्या.

ईट हे भूम तालुक्यातलं मंडळाचं गाव. बालाघाटाची हलकी, मुरमाड जमीन, पाऊस बेभरवशाचा, म्हणून शेतीला दुधाचा टेकू. या भागातलं दूध खव्याच्या भट्टीवर जातं. कुंथलगिरीचा पेढा लोकांना ठाऊक असतो, पण एक किलो खव्यासाठी चार-पाच लिटर दूध आटवावं लागतं आणि त्यासाठी पहाटे चारला कुणीतरी म्हशीखाली बसलेलं असतं, हे पेढा खाताना कुणाच्या डोक्यात येत नाही. आमच्या घरी ते कुणीतरी म्हणजे मी.

भांडणाची सुरुवात एका कॅनवरून झाली. पाच लिटरचा, निळ्या रंगाचा. त्यात तणनाशक आलं होतं. मालकांनी तो राखेनं घासला, तीनदा विसळला आणि त्यात प्यायचं पाणी भरून रानात नेलं. मी बांधावर भाकरी घेऊन गेले तर धाकटा त्याच कॅनला तोंड लावून पीत होता. मी कॅन हिसकावून पालथा केला. मालक भडकले. "पाणी सांडायलीस? डोकं फिरलं का तुझं?"

त्यांचा राग मला तेव्हा कळला नाही. मला कॅन दिसत होता, त्यांना सांडलेलं पाणी दिसत होतं. 2012 चा दुष्काळ, मग 2016 चा, ज्या वर्षी मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, हे सगळं अंगावरून गेलेला माणूस आहे तो. टँकरमागं घागर घेऊन पळालेला. अजूनही एका बादलीत अंघोळ करतो आणि तीही नारळाच्या आळ्यात उभा राहून. फाटलेल्या ट्यूबची पट्टी कापून पंपाची गळती बांधतो. चांगला घट्ट झाकणाचा कॅन फेकून द्यायचा, हे त्याच्या हिशोबात बसत नाही.

पण घरात धान्याच्या खोलीत ज्वारीच्या कणगीला टेकून औषधाच्या बाटल्या असायच्या, खुंटीला फवारणीचा पंप, आणि त्या पंपाखाली पिठाचा डबा. ते मला दिसायला लागलं की दिसतच राहिलं. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, वेगळंच काही शोधत होत्या. पावसाळ्यात त्या काठी टेकत बांधानं जायच्या आणि रिकाम्या ओट्यानं परत यायच्या. "पाथरी नाही, घोळ नाही, तांदुळजा नाही. रानात नुस्ती सोयाबीन." तणनाशकाला गवत आणि भाजी वेगळी ओळखता येत नाही, एवढंच कारण होतं.

त्याच सुमारास बचत गटाच्या बैठकीत एका ताईंनी एक एकर शेतीची गोष्ट सांगितली. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपानंतर घरबांधणीत बायकांना पुढं आणणारं जे काम उभं राहिलं, त्यातून स्वयं शिक्षण प्रयोग ही संस्था निघाली. प्रेमा गोपालन यांनी ती उभी केली. दुष्काळाच्या वर्षांत तिनं आपल्याच जिल्ह्यातल्या बायकांना सांगितलं, की नवऱ्याकडं अर्धा-एक एकर मागा, त्यात घरी खायला लागतं ते पेरा, रासायनिक खत-औषध न घालता. 2017 मध्ये या संस्थेला संयुक्त राष्ट्रांचं इक्वेटर पारितोषिकही मिळालं. मला पारितोषिकापेक्षा त्यातली युक्ती आवडली. नवऱ्याला बदल म्हणायचं नाही. त्याच्याकडं जमीन मागायची.

मागायला मला तीन आठवडे लागले. शेवटी जेवताना बोलले. मालक भाकरी मोडता मोडता थांबले. "चार घरच्या बाया एकत्र बसल्या की असलंच काहीतरी निघतंय." मग बऱ्याच वेळानं, "माळाकडचे वीस गुंठे घे. तिथं तसंही काय येत नाही. पण माझ्या सोयाबीनला किडा लागला तुझ्यापायी, तर बघ."

असे वीस गुंठे मिळाले. दगड-गोटे वेचण्यातच मे महिना गेला. पहिल्या वर्षी तूर, मूग, उडीद, मटकी, हुलगा, बाजरीच्या चार ओळी, कडेनं अंबाडी, भेंडी, गवार, घेवडा असं सगळं घातलं. जीवामृत केलं: दोनशे लिटर पाणी, दहा किलो शेण, दहा लिटर गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन, बांधावरची मूठभर माती. एका एकराचा तो हिशोब, मी निम्मं केलं. वास असा सुटला की मालकांनी आठ दिवस बाज उचलून अंगणाच्या दुसऱ्या टोकाला टाकली. "बेसनाची भजी केली असतीस तर चार माणसं जेवली असती," एवढं बोलून ते झोपायचे.

पीक काही फार आलं नाही. पण माझी खरी फजिती पीक कमी आल्यानं झाली नाही. मावा पडला तशी मी घाबरले आणि कुणाला न सांगता तालुक्याच्या दुकानातून साडेचारशे रुपयांची 'सेंद्रिय' बाटली आणली. हिरवं पान छापलेली. मालकांनी ती हातात घेऊन उलटी-सुलटी केली आणि म्हणाले, "हे बी बाटलीतच आलंय की." मला उत्तर सुचलं नाही. अजून सुचलेलं नाही. पुढच्या वर्षीपासून उन्हाळ्यात लिंबोळ्या गोळा करून ठेवते. पाच किलो कुटून रात्रभर भिजवायच्या, सकाळी गाळून शंभर लिटर पाण्याला लावायच्या.

एका प्रशिक्षणात आम्हाला कागद दिला होता, त्यावर 'जागरूक जीवनशैली' असं लिहिलेलं. मी तो घरी वाचून दाखवला. मालक म्हणाले, "मग मीच की जागरूक. लाईट रात्री बाराला येती." शेतीपंपाची वीज रात्रीच्या पाळीत असते तेव्हा ते खरंच पहाटेपर्यंत पाण्यावर जागे असतात. त्या कागदावर कापडी पिशवीचं चित्र होतं, विहिरीवरच्या बॅटरीचं नव्हतं.

बांध घातला म्हणून वारा थांबत नाही. त्यांनी पलीकडं फवारलं की फवारा माझ्या घेवड्यावर. यावरून आम्ही दोन हंगाम बोललोच नाही, म्हणजे शेतातलं काही बोललो नाही. घरात मीठ दे, दार लाव, एवढंच. तिसऱ्या वर्षी मी बांधालगत तुरीच्या दोन दाट ओळी आणि त्याच्या पुढं ज्वारीची एक ओळ घातली, आडोसा म्हणून. आणि त्यांना एकच गोष्ट मागितली: वारा खालच्या अंगाला असेल तेव्हा फवारा. त्यांनी हो म्हटलं नाही. पण सकाळी पंप पाठीवर घेण्याआधी ते चिमूटभर माती वर उडवून बघायला लागले. फवाऱ्याचा थेंबसुद्धा येत नाही असं मी म्हणणार नाही. येतो. माझं धान्य शंभर टक्के विषमुक्त आहे असं कुणाला सांगून मी कधी विकत नाही, ते यामुळंच.

2020 च्या जूनमध्ये मराठवाड्यात कितीतरी ठिकाणी सोयाबीनचं विकतचं बियाणं उगवलंच नाही. आमच्या तीन बॅगांपैकी दोन मातीत गेल्या. दुबार पेरणीला पैसे कुठून आणायचे म्हणून मालक दोन दिवस जेवले नाहीत. माझ्या तुकड्यात घरचं राखलेलं बी होतं, ते उगवलं होतं. मी काही बोलले नाही. बोलले असते तर ते जन्मात विसरले नसते. पुढच्या वर्षी उन्हाळ्यात मी त्यांच्याच घरच्या सोयाबीनचे शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळले. आठव्या दिवशी त्र्याऐंशी उगवले. कृषी खातंही तेव्हा हेच सांगत होतं, सत्तर उगवले तरी बी चांगलं. तेव्हापासून सोयाबीनचं बी आम्ही विकत आणत नाही. खत, औषध, तणनाशक मात्र येतं. ते त्यांचं रान.

2022 चा पावसाळा गोगलगायींचा. लातूर, बीड आणि आपल्या जिल्ह्यात शंखी गोगलगायींनी कोवळी सोयाबीन रात्रीत कुरतडून टाकली. मी संध्याकाळी गुळाच्या पाण्यात भिजवलेली पोती सऱ्यांत टाकायची आणि पहाटे बॅटरी घेऊन त्याखालच्या गोगलगायी वेचून मिठाच्या पाण्यात टाकायची. वीस गुंठ्यांना बादली-दीड बादली. कंबर मोडली, पण पीक वाचलं. मालकांनी चार एकरांत मेटाल्डिहाईडच्या गोळ्या टाकल्या, त्यांचंही वाचलं. चार एकर हातानं वेचून दाखव, असं ते म्हणाले असते तर मला जमलं नसतं, हे मी प्रामाणिकपणे सांगते. गोळ्या टाकायच्या दिवशी त्यांनी मला दोनदा बजावलं होतं, कोंबड्या कोंडून ठेव. शेत घराला लागूनच आहे. संध्याकाळपर्यंत चार कोंबड्या मेल्या. मी त्यांना नाही नाही ते बोलले, इख आणलंय घरात म्हणाले. रात्री आत्याबाईंनी हळूच सांगितलं, खुराड्याची कडी उघडीच होती. ती लावायचं काम माझं होतं.

दुधावरूनही आमचं एकदा जुंपलं. घरात दोन म्हशी आणि लेकरं कोरा चहा पितात, हे मला चालेना. मी रोज एक लिटर घरात ठेवायला लागले. भट्टीचा हिशोब महिन्याला तीस लिटरनं घटला. मालकांनी वहीत तो आकडा लाल पेननं लिहिला आणि वही माझ्या समोर ठेवली. मीही वही काढली. वीस गुंठ्यांतून डाळ किती आली, भाजीचे किती रुपये वाचले, लॉकडाऊनमध्ये बाजार बंद असताना शेजारच्या पाच घरांना भाजी किती दिली. त्यांनी माझी वही वाचली, एका ठिकाणची बेरीज चुकली होती ती दुरुस्त केली आणि परत दिली. लिटरभर दूध तेव्हापासून घरातच राहतं.

काही बाबतीत माझं काहीच चाललेलं नाही. तंबाखूची पुडी त्यांच्या खिशात असतेच. गुटखा राज्यात 2012 पासून बंद आहे, तंबाखू-चुन्याला कोण बंद करणार? बाजारातून येताना ते पाहुण्यांसाठी गरम चहा अजूनही प्लास्टिकच्या पिशवीत बांधून आणतात. 23 मार्च 2018 ला राज्यानं प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आणली, मी त्यांना चहासाठी स्टीलची किटली दिली. किटली गाडीला अडकवून ते वर्षभर हिंडले. तिच्यात आता नट-बोल्ट असतात.

आणि माझंही त्यांच्या डोळ्यांत खुपतं. मी पाणी जास्त वापरते. भाजी धुते, हात धुते, परत धुते. ठिबकची नळी मी एकदा रात्रभर चालू ठेवली, सकाळी विहिरीनं तळ दाखवला होता. त्या दिवशी मालक ओरडले नाहीत. विहिरीच्या कठड्यावर बसून नुसते आत बघत राहिले. मला ओरडणं परवडलं असतं.

जेवायला मात्र आम्ही एकाच चुलीवरचं जेवतो. हुलग्याचे शेंगोळे केले की ते माझ्या रानातल्या हुलग्याचे, आणि शेंगोळे झाले की मालक दुसऱ्यांदा वाढून घेतात. हुलगा कुठला, हे ते विचारत नाहीत. आत्याबाईंना माझ्या तुकड्यात तिसऱ्या वर्षी पाथरी सापडली. कुणी पेरली नव्हती. त्यांनी ती कच्चीच मीठ लावून खाल्ली.

सोयाबीनचं गणितही आता सरळ राहिलेलं नाही. 2024 ला हमीभाव 4892 रुपये होता आणि बाजारात त्याच्याही खाली माल द्यावा लागला. मालक त्या हंगामानंतर म्हणाले, "पुढच्या साली एक एकर तूर करावी म्हणतो." मी म्हटलं, करा. तुरीला फवारा लागतोच, तोही ते मारणार. मी विचारलं नाही.

मग 2025 चा सप्टेंबर आला. टँकरच्या भूम-परंड्यात पूर आला. रात्रभर ढग फुटल्यासारखा पाऊस, ओढे शेतातून गेले. सकाळी बघितलं तर त्यांची काढायला आलेली सोयाबीन आडवी, माझी मटकी, उडीद, भाज्या गाळाखाली, आणि मधला बांध नाहीच. कुठपर्यंत माझं आणि कुठून त्यांचं, हे ओळखायला खूण राहिली नव्हती. तुरीच्या ओळीतली चार झाडं तेवढी उभी. पंचनाम्याला माणसं आली, त्यांनी सगळं साडेचार एकर एकच धरलं, आणि कागदावर ते एकच आहे.

दिवाळीनंतर वाफसा आला. उशीर झाला होता, पण ज्वारी पेरायचीच होती. मला वाटलं, आता बांधाचा विषय निघणारच नाही, सगळं एकदम नांगरलं जाईल. मी काही बोलले नाही. तिसऱ्या दिवशी भाकरी घेऊन रानात गेले तर मालक फावडं घेऊन गाळ ओढत होते. दोन खुंट्या रोवलेल्या, मधे सुतळी ताणलेली, हातात टेप. मी बांधावर, म्हणजे बांध व्हायचा होता तिथं, बसले. त्यांनी घाम पुसला, पाणी मागितलं. मी स्टीलच्या तांब्यातून दिलं.

संध्याकाळी ते घरी गेल्यावर मी टेप लावून बघितली. वीस गुंठेच होते. फूटभर कमी नाही, फूटभर जास्त नाही.