स्वच्छ दिसते, तरीही

मधुमेही रुग्णाला डोळ्यांचा पडदा तपासून घ्या म्हटले की बहुधा उत्तर मिळते, “डॉक्टर, मला स्वच्छ दिसतं. परवाच चष्म्याचा नंबर काढलाय.” आपलेही उत्तर हेच असेल, तर थोडे थांबावे. नंबर काढताना पडदा पाहिला जातोच असे नाही. त्यासाठी डोळ्यात थेंब घालून बाहुली मोठी करावी लागते. पडद्याच्या सूक्ष्म रक्तवाहिन्या वाढलेल्या साखरेने वर्षानुवर्षे दुबळ्या होतात, झिरपू लागतात, काही बंद पडतात. आणि मध्यभागी सूज येईपर्यंत किंवा रक्तस्राव होईपर्यंत रुग्णाला बहुधा पत्ताच नसतो. दुखत तर नाहीच.

या विकारावरील उपचारांचा इतिहास विलक्षण आहे. १९५३ साली डेन्मार्कच्या डॉ. पॉल्सेन यांनी एका मधुमेही स्त्रीची हकीकत प्रसिद्ध केली. बाळंतपणानंतर तिच्या मेंदूच्या तळाशी असणारी पीयूषिका ग्रंथी निकामी झाली आणि पडद्याचा विकार मात्र ओसरला. पुढे दृष्टी वाचावी म्हणून कित्येकांची ही ग्रंथी शस्त्रक्रियेने काढली गेली. डोळ्यांसाठी माणसे केवढी किंमत मोजायला तयार झाली! मग लेसर आले. त्याने विकाराच्या गंभीर अवस्थेतील दृष्टिनाशाचा धोका निम्म्याहून कमी होतो, हे १९७६ मध्ये अमेरिकेतील मोठ्या चाचणीने दाखवले. आता सूज आणणाऱ्या प्रथिनाला अडवणारी इंजेक्शने थेट डोळ्यात देतात. ऐकून अंगावर काटा येतो. पण डोळा आधी बधिर करतात.

माझ्याकडे येणाऱ्या एका निवृत्त शिक्षकांनी पहिल्या इंजेक्शनानंतरच उपचार सोडले. “पेपर अजून वाचता येत नाही, मग मुलाचे पैसे का घालवू?” हा त्यांचा प्रश्न. लेसर मुख्यतः उरलेली दृष्टी राखते. इंजेक्शनांनी पुष्कळांना आधीपेक्षा बरे दिसते, पण ती सुरुवातीला साधारण दरमहा घ्यावी लागतात. एकाने निवाडा होत नाही. खर्च झेपत नसेल तर नेत्रतज्ज्ञांना तसे मोकळेपणाने सांगावे. कमी किमतीचे औषधही असते. गुरुजींना हे पटायला पाच महिने लागले. तेवढ्यात एका डोळ्याची दृष्टी बरीच गेली होती. दुसऱ्याने आज ते मोठ्या अक्षरांतली पोथी वाचतात.

घरच्यांना एक विनंती. तपासणीला ज्येष्ठांना एकटे पाठवू नका. थेंबांमुळे काही तास अंधूक दिसते, उजेड सोसत नाही, रस्ता ओलांडणे धोक्याचे होते. साखर, रक्तदाब आणि मूत्रपिंडाचे ताजे रिपोर्ट सोबत न्या. प्रौढ वयात मधुमेह जडला असेल तर निदान होताच पहिली तपासणी हवी, पुढे साधारण दरवर्षी. डोळ्यांपुढे अचानक काळे ठिपके, जाळी वा सावली आली, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठावा. आणि कोणी सांगितले म्हणून डोळ्यात मध घालू नये, ही माझी जुनी तक्रार. गुरुजींच्या पत्नी आता इंजेक्शनाची तारीख दिनदर्शिकेवर लाल शाईने लिहितात, एकादशीच्या शेजारीच.