पत्रकातल्या चार ओळी

मागच्या रमजानआधी घराची साफसफाई करताना अम्मीच्या पलंगाखालची पत्र्याची पेटी बाहेर काढली. आत अब्बांचे दोन खाकी सदरे, एक पितळी बिल्ला आणि सुतळीने बांधलेले कागदांचे गठ्ठे होते. मला वाटले, जुनी पत्रे असतील. सुतळी सोडली तर टपाल कामगारांच्या युनियनची पत्रके निघाली. आधीची सायक्लोस्टाईलवर काढलेली, फिकट शाईची, नंतरची छापील. अब्बांनी एकही टाकून दिले नव्हते.

अब्बा धुळ्याला पोस्टमन होते. १९७० मध्ये खात्यात लागले, २००८ मध्ये निवृत्त झाले आणि २०१९ मध्ये आम्हाला सोडून गेले. मी लग्नानंतर जळगावला आले आणि इथल्या एका उर्दू शाळेत शिक्षिका झाले. पण मराठी वाचायची सवय मला लागली ती या पत्रकांमुळे. अब्बांना उर्दू, मराठी, इंग्रजी तिन्ही लिप्यांतले पत्ते झटकन वाचता येत. सलग छापील मजकूर वाचायचा मात्र त्यांना कंटाळा. रात्री जेवण झाले की पत्रक माझ्या हातात देत आणि म्हणत, "बेटी, पीछे से शुरू कर."

पुढच्या पानावर मागण्या असायच्या. महागाई भत्ता, बोनस, रिकाम्या जागा, सायकलचा भत्ता. मागच्या पानावर 'सभासद वार्ता' असे. दोंडाईच्याहून शिरपूरला कोणाची बदली झाली, कोण निवृत्त झाले, कोणाची मुलगी बारावी पास झाली, कोणाला बीटवर असताना ट्रकने उडवले, कोण वारले आणि त्यांच्या घरच्यांना वर्गणीतून किती मदत दिली. प्रत्येकाला तीन-चार ओळी. शिपाई असो की पोस्टमास्तर, ओळी तेवढ्याच. अब्बा मधेच थांबवून विचारीत, "मुलगा लागला का त्याचा अनुकंपावर?" मी म्हणे, "लिहिलेलं नाही." ते दुसऱ्या दिवशी कोणाला तरी विचारून यायचे.

तेव्हा मला या युनियनचा रागच होता. आठवड्यात एक रविवार मिळायचा, तोही सभेत जायचा. दर महिन्याची वर्गणी, त्यावर अधिवेशनाची वेगळी पावती. एकदा ईदच्या कपड्यांचे पैसे कमी पडले आणि त्याच महिन्यात अब्बांनी कोणा आजारी सभासदासाठी पन्नास रुपये दिले. चाचा म्हणाले, "भाईजान, या युनियनबाजीतून आपल्या घराला काय मिळतं?" अब्बा हसले आणि सायकलची चेन पुसत राहिले. त्या ईदला मी मागच्या वर्षीचाच फ्रॉक घातला. ती गोष्ट माझ्या मनातून बरीच वर्षे गेली नाही.

अब्बांचे काम मात्र आम्हाला आवडे. मोहल्ल्यात मालेगाव, सुरतची पत्रे येत, सौदीला गेलेल्या मुलांची येत. ज्यांना वाचता येत नसे त्यांना अब्बा उंबऱ्यावर बसून वाचून दाखवीत. शहराबाहेरच्या वस्तीत एक म्हातारी रोज अहिराणीत विचारायची, "दादा, मनी मनीआर्डर उनी का?" आलेली नसली तरी अब्बा थांबून दोन शब्द बोलून पुढे जात. दुसऱ्याच्या घरातले सुख-दुःख आपल्या थैलीत असते, ती अमानत आहे, असे ते मानत. कोणाच्या पत्रात काय होते, हे त्यांनी अम्मीलासुद्धा कधी सांगितले नाही.

ही युनियन कुठून आली, हे मला पेटीतल्या कागदांनी आणि जुन्या लोकांनी सांगितले. ११ जुलै १९४६ रोजी टपाल कामगारांनी देशभर संप केला होता. इंग्रजांचे राज्य अजून होते. पगार, भत्ता, खालच्या कामगारांची पिळवणूक हे विषय होते. या संपाला पाठिंबा म्हणून २९ जुलैला कलकत्ता शहर बंद राहिले. पुढे १९ सप्टेंबर १९६८ रोजी केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांनी एक दिवसाचा लाक्षणिक संप केला. माणसाच्या गरजेवर आधारलेले किमान वेतन मिळावे, एवढीच मुख्य मागणी होती. सरकारने वटहुकूम काढून संपावर बंदी घातली. हजारोंना अटक झाली, अनेकांना निलंबित केले गेले. अब्बा खात्यात आले तेव्हा ही जखम ताजी होती. त्यांना काम शिकवणाऱ्या जुन्या पोस्टमनने सांगितले होते, "आमच्या चुली चंद्यावर पेटल्या. तू पावती फाडायला मागेपुढे पाहू नको." अब्बांनी ती गोष्ट आम्हाला कधी सांगितली नव्हती. मला ती त्यांच्या जनाज्याच्या दिवशी कळली.

सांगणारे काका युनियनचे जुने सचिव. खान्देशी माणूस, डोक्यावर टोपी, हातात कापडी पिशवी. जनाज्याला आले, मातीला हात लावला आणि चार दिवसांनी पुन्हा घरी आले. म्हणाले, "पोरी, वहिनींच्या फॅमिली पेन्शनचे कागद बघू दे."

कागद बघितले आणि आमचे डोळे उघडले. पेन्शनच्या आदेशात अम्मीच्या नावापुढे 'बी' होते. आधार कार्डावर 'बानो'. रेशन कार्डावर वेगळेच आडनाव, पासबुकात माहेरचे नाव. जन्मतारीख तीन ठिकाणी तीन. आपल्या घरांत हे नवे नाही. बायकांचे नाव ज्याने विचारले त्याने जसे ऐकले तसे लिहिले, आणि आपण कधी दुरुस्त करून घेतले नाही. मी बीएड झालेली, रोज मुलांच्या नावांचे स्पेलिंग तपासणारी. माझ्या आईचे नाव चार कागदांवर चार प्रकारे आहे, हे मला माहीत नव्हते.

ज्या कचेरीतून पेन्शन यायची तिथे सांगितले, ही बाई तीच आहे याचा पुरावा आणा आणि बाईला समक्ष आणा. अम्मी इद्दतमध्ये होती. चार महिने दहा दिवस घराबाहेर पडायचे नाही, असे तिने ठरवले होते, आणि त्या दिवसांत तिला ओढत नेण्याची माझी हिंमत नव्हती. भाऊ दोनदा खेटे घालून आला. दर वेळी नवा कागद सांगत. अब्बांची पेन्शन बंद झालेली, अम्मीची सुरू नाही. मी जळगावहून पैसे पाठवी. अम्मी घेई, पण फोनवर तिचा आवाज बारीक होई. मुलीच्या घरचे पैसे तिला टोचत होते.

काकांनी काम हातात घेतले. दर आठवड्याला येत, बाहेरच्या खोलीत बसत, कागद आत पाठवीत. पडद्याआडून अम्मी विचारी, "भाऊ, सही कुठे करू?" ते म्हणत, "वहिनी, पेन्सिलनं खूण केली आहे तिथं." निकाहनामा, जुने मतदार ओळखपत्र, प्रतिज्ञापत्र, सगळे त्यांनी एका फाईलला लावले. शेवटी अब्बांच्या निवृत्तीच्या वेळच्या कागदांतून नवरा-बायकोचा एकत्र फोटो आणि त्याखालची अम्मीची सही निघाली. टपाल खात्यात पेन्शन अदालत भरते; तिथे अर्ज केला. आठव्या महिन्यात पेन्शन सुरू झाली, मागची थकबाकीही मिळाली. शेवटच्या मूळ वेतनाच्या ३० टक्के या हिशोबाने येणारी रक्कम फार मोठी नाही. पण त्या दिवशी अम्मीने स्वतःच्या पैशांनी शीरखुर्म्याचे सामान मागवले, ईद नसताना.

मी काकांना निदान प्रवासखर्च घ्या म्हणाले. त्यांनी पिशवीतून पावतीपुस्तक काढले आणि म्हणाले, "तुझ्या वडिलांनी अडतीस वर्षं भरलंय. आता आमची पाळी." चाचा तिथेच बसले होते. ते काही बोलले नाहीत.

त्याच युनियनच्या कागदांत एक दुःख अजून तसेच आहे. माझा चुलत भाऊ साक्री तालुक्यातल्या एका गावात ग्रामीण डाक सेवक आहे. लोकांना तो पोस्टमनच वाटतो. टपाल वाटतो, खाती उघडतो, आधारवर पैसे काढून देतो. पण त्याचे काम कागदावर चार-पाच तासांचे, आणि अब्बांसारखी पेन्शन त्याला नाही. २०१८ च्या मे महिन्यात देशभरचे डाक सेवक बेमुदत संपावर गेले, तेव्हा रमजान चालू होता. खान्देशचे ऊन, रोजा आणि कचेरीसमोर मांडव. संपाच्या दिवसांचा पगार नाही. माझ्या शाळेची काही कागदपत्रे त्याच वेळी अडकली आणि मी त्याला फोनवर चिडून बोलले. तो म्हणाला, "आपा, इफ्तारीला खजूर उधार आणतोय. दोन दिवस थांब." ६ जूनला केंद्रीय मंत्रिमंडळाने कमलेश चंद्र समितीच्या शिफारशी मान्य केल्या. शाखा डाकपालाला चार तासांसाठी १२,००० आणि पाच तासांसाठी १४,५०० रुपयांपासून सुरुवात, इतर सेवकांना १०,००० आणि १२,००० पासून. ईद त्या साली १६ जूनला आली. त्याने मला ईदी पाठवली, दहा रुपयांची. ती मी अजून मोडलेली नाही.

मग माझी पाळी आली. मी २००७ मध्ये नोकरीला लागले. महाराष्ट्रात १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांना जुनी पेन्शन नव्हती. १४ मार्च २०२३ पासून राज्य कर्मचारी आणि शिक्षकांचा संप सुरू झाला. समोर दहावीची मुले होती. आत राहावे की बाहेर, मला झोप लागेना. काकांना फोन केला. ते म्हणाले, "बाहेर ये, पण पोरांचं जेवढं बुडेल तेवढं भरून दे. नाहीतर लोक म्हणतील ते खरं ठरेल." सातव्या दिवशी संप मागे घेतला गेला. दोन-चार दिवसांत रमजान सुरू झाला. रोज सहरीनंतर तास तयार करून मी मुलांचे जादा वर्ग घेतले. अब्बांचा रविवार कुठे जायचा, हे मला त्या पहाटे कळले.

युनियनमध्ये सगळे चांगलेच असते असे मी म्हणणार नाही. एकाच खात्यात अनेक संघटना, त्यांचे आपसातले वाद, हे पत्रकांतही दिसते. एप्रिल २०२३ मध्ये तर निधीच्या वापरावरून खात्याने एनएफपीई या मोठ्या महासंघाची मान्यताच काढून घेतली. कोण बरोबर, कोण चूक, हा न्याय मी करू शकत नाही. पण अब्बांच्या गठ्ठ्यात वर्षाच्या जमाखर्चाचे पत्रक आहे आणि त्यावर त्यांनी लाल पेन्सिलने एका रकमेपुढे प्रश्नचिन्ह केले आहे. चंदा देणाऱ्याने हिशोबही विचारावा, एवढे ते चिन्ह सांगते. हे मशिदीच्या, मदरशाच्या आणि शाळेच्या चंद्यालाही लागू आहे.

वाचणाऱ्या बहिणींना आणि भावांना एक विनंती करते. आज रात्री घरातले कागद काढा. आईचे, बायकोचे नाव आणि जन्मतारीख सगळीकडे एकच आहे का, पाहा. पेन्शनच्या आदेशाची प्रत कुठे ठेवली आहे, ते घरात दोघांना तरी माहीत असू द्या. नोव्हेंबरमध्ये हयातीचा दाखला चुकवू नका. दुःखाच्या दिवसांत हे शोधायला लागू नये.

पेटी परत ठेवण्याआधी सर्वांत वरचे पत्रक मी अम्मीला वाचून दाखवले. २०१९ चे होते. ती म्हणाली, "पीछे से शुरू कर." मागच्या पानावर अब्बा होते. चार ओळी: नाव, किती वर्षे सेवा, कोणत्या बीटवर, आणि घरच्यांच्या दुःखात सर्व सभासद सहभागी आहेत. अम्मीने पुन्हा वाचायला सांगितले. मग विचारले, "मदत किती लिहिली आहे?"

मी म्हणाले, "रक्कम लिहिलेली नाही, अम्मी."

"बरं झालं," ती म्हणाली, आणि पत्रक स्वतःच्या हाताने घडी घालून गठ्ठ्यावर ठेवले.