पान नेमकं कुठे सुरू होतं?

झाडं ओळखायला शिकायचं म्हणून पुस्तक उघडलं, तर त्यात फुलांच्या रंगाआधी विचारलं होतं: खोडावर पानं एकाआड एक आहेत, समोरासमोर आहेत, की एकाच पेरावर तीन-चार? तुळस आणि रुई यांनी चटकन उत्तर दिलं. दोघींची पानं जोडीनं येतात आणि वरची जोडी खालच्या जोडीला आडवी बसते. तुळशीच्या पानाला देठ असतो. मारुतीच्या हारातलं रुईचं पान मात्र जवळजवळ बिनदेठाचं, थेट खोडाला बिलगलेलं. कण्हेरीला एका पेरावर बहुधा तीन पानं. जास्वंदीला एकच, पण खोडाभोवती दोन फेऱ्या झाल्या की सहावं पान पहिल्याच्या बरोबर वर येतं.

शेवग्यापाशी मात्र मी पार गोंधळून गेले. हिरवी दांडी, तिला उपदांड्या, त्यांना काड्या आणि त्यांवर नखाएवढ्या टिकल्या. यातलं पान कोणतं? पुस्तक म्हणतं, ती सबंध दांडी मिळून एकच पान! कढीपत्त्याची अख्खी काडी एक पान, बेलाचं त्रिदळही एकच. हे मानायचं कशावरून?

उत्तर पानाच्या बगलेत मिळालं. पान खोडाला जुळतं तिथे वरच्या कोनात एक कळी असते; पुढे तिच्यातून फांदी किंवा फूल येतं. कढीपत्त्याच्या काडीवरची एकेक पर्णिका, म्हणजे सुटं पान वाटतं ते दळ, वाकवून भिंगातून पाहिली, बुडाशी काहीच नव्हतं. काडी फांदीला चिकटते तिथे मात्र कळी होती, इवलीशी पण स्पष्ट. मला ही खूण फार मोलाची वाटते, कारण तिनं काटेही उलगडतात. बोगनवेलीचा काटा बगलेतून निघतो, म्हणजे तो मूळचा फांदीचा. बाभळीचे काटे पानाच्या बुडाशी दोन अंगांना जोडीनं असतात. ती उपपर्णं, म्हणजे पानाचाच भाग.

केळीनं पुन्हा कोड्यात टाकलं. लग्नाच्या दाराशी बांधतात तो खांब खोड नव्हेच; पानांचे तळ एकात एक गुंडाळून तो बनतो. खरं खोड जमिनीतला कंद.

उसाच्या पानाचा तळही असाच कांड्याला वेढून असतो. पाचट सोललं की पेरावर डोळा दिसतो. शेतकरी ज्याच्यावर लागण करतात तो डोळा म्हणजे बगलेतली कळीच! उसाची पानं आळीपाळीनं दोन बाजूंना येतात, म्हणून लागोपाठचे डोळेही विरुद्ध बाजूंना. दोन डोळ्यांचं टिपरं सरीत आडवं ठेवताना डोळे बाजूंना का करायचे, ते मला आत्ता कळलं: नाहीतर एक डोळा वर येतो आणि दुसरा खाली मातीत दबतो.