पुन्हा नेम धरला

कोल्हापूरच्या कृषी महाविद्यालयात बी.एस्सी.ला असताना मी एनसीसीत होतो. ताडपत्रीवर पालथे पडून पॉइंट टू टू रायफलीने पंचवीस यार्डांवर पाच गोळ्या मारायच्या. पाचही भोके रुपयाच्या नाण्याखाली झाकली गेली, की उस्ताद पाठीवर थाप मारीत. माझी दोनदा झाकली गेली. तेवढ्यावर मी स्वतःला मोठा नेमबाज समजू लागलो.

१९९२ च्या संक्रांतीला गावी आलो. मामांची छऱ्याची बंदूक घेऊन रानात गेलो. हरभरा घाट्यावर आला होता. विजेच्या तारेवर कोतवाल बसला होता. नेम चुकला नाही. जवळ जाऊन पाहिले, तर चोचीत हिरवी घाटेअळी, अजून वळवळत होती. वडील बांधावर उभे होते. रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "आपलाच गडी मारलास की रे."

बंदूक मामांना परत केली ती केलीच. पुढे नोकरी लागली. हरभऱ्यात एकरी वीसेक पक्षीथांबे उभे करा, कोतवाल-साळुंक्या फुकटात अळ्या वेचतील, हे मी दर रब्बीत गावोगाव सांगत आलो. मला हे कसे कळले, ते मात्र कुणाला सांगितले नाही.

१ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक मिळवले. त्या दिवशी आमच्या पंचायत समितीत एकही फाईल हलली नाही. माझ्या पुतणीने हट्टच धरला. मग दर रविवारी तिला मोटारसायकलवरून जिल्ह्याच्या गावी नेमबाजी शिकायला नेऊ लागलो. शिकवणारी मुलगी पंचविशीतली. म्हणाली, "काका, नुसते बसून काय राहता? पाच मारून बघा." तीन रविवार मी टाळले. चौथ्या रविवारी रायफल हातात घेतली.

वजन चार किलोंच्या वर, आणि मारायचे उभे राहून. अंतर दहा मीटर. दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा, म्हणजे खसखशीच्या दाण्याहूनही बारीक. पहिल्या दहा छऱ्यांत शंभरापैकी एकसष्ट गुण पडले. मुख्य अडचण डोळ्यांची. चष्म्याच्या वरच्या भिंगातून लांबचे दिसते, खालच्यातून वाचायचे. रायफलीची माशी नेमकी या दोहोंच्या मधल्या अंतरावर, ती दोन्हींतून धुरकट. शेवटी डोळ्यांच्या डॉक्टरांना अंतर मोजून दिले आणि तेवढ्यासाठी वेगळा चष्मा करून घेतला. (घरी विचारले, "आता हा कशाला?" तो खर्च अजून ऐकतो आहे.) हाताचा कंप मात्र तिने घालवला. मी जोर लावून रायफल धरीत होतो. ती म्हणाली, "हाताने उचलू नका, कोपर कमरेच्या हाडावर टेकवा, वजन हाडांवर जाऊ द्या." मोटेच्या काळी माणसे ओझे असेच पेलत. मला ते पन्नाशीनंतर कळले.

आता चौऱ्याऐंशीपर्यंत जातो. पुतणी नव्वदच्या खाली येत नाही.

गावात बातमी पोचलीच. "साहेब, डुकरं मारायला शिकताय का?" असे विचारतात. मक्याची नासधूस मीही पाहतो, हसण्यावारी नेत नाही. पण छऱ्याने डुक्कर मरत नाही, चवताळून अंगावर येते. आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्याने परवानगीशिवाय त्याला मारता येत नाही. त्यापेक्षा पंचनामा करून घ्या, वन खात्याकडे भरपाईचा अर्ज लगेच द्या. तो लिहून द्यायला मी बसतो.

गेल्या हिवाळ्यात परत येताना पुतणीने विचारले, "काका, मधली इतकी वर्षे का सोडली होती?" गाडी बाजूला घेतली. समोर हरभऱ्याचे रान होते. तुमच्या आधी तिला कोतवालाची गोष्ट सांगितली. ती बराच वेळ रानाकडे बघत राहिली. मग गाडीवर बसत म्हणाली, "पुढच्या रविवारी जायचं ना?"