लाल सोडून काहीही

त्या लाल कापडाचा विषय निघाला की माझं डोकं अजून तापतं. नाच झाला, टाळ्या झाल्या, नारळ-शाल झाली. तरी विंगेत येऊन मंडळाच्या पदाधिकाऱ्यांनी जे ऐकवलं, ते काही केल्या मनातून जात नाही. "बघा मॅडम, लाल नव्हतं म्हणून काही अडलं का?"

मी सोलापूरच्या पूर्व भागात कथकचा क्लास चालवते. मुली बहुतेक पद्मशाली घरांतल्या. घरी तेलुगू, शाळेत मराठी, वडील यंत्रमागावर, आई विड्या वळते. सोलापूरकराला याहून जास्त सांगायला नको. 12 जानेवारीला आमच्याकडे हुतात्मा दिन असतो. 1931 साली याच दिवशी मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे यांना येरवड्यात फाशी दिलं. त्या दिवसाच्या कार्यक्रमासाठी एका मंडळानं "नेहमीचं नको, वेगळं काहीतरी बसवा" म्हणून सांगितलं.

वेगळं म्हटल्यावर माझ्या डोक्यात चित्रकार चित्तप्रसाद आले. बंगालच्या दुष्काळात, 1943च्या नोव्हेंबरात, हा माणूस मेदिनीपूर जिल्ह्यात फिरला आणि उपाशी माणसं शाईनं कागदावर उतरवत गेला. त्यातून झालेली 'हंग्री बेंगॉल' ही पुस्तिका इंग्रज सरकारनं जप्त करून जाळली. पुढे 1946पासून ते मुंबईत अंधेरीला राहिले आणि लिनोकट करत राहिले. इप्टाचं, म्हणजे इंडियन पीपल्स थिएटर असोसिएशनचं, नगारेवाल्याचं बोधचिन्ह त्यांचंच. त्याच इप्टाच्या पथकासाठी शांती बर्धन यांनी 1944 साली 'स्पिरिट ऑफ इंडिया' हे नृत्य बसवलं, त्यातही दुष्काळ होताच. म्हणजे या चित्रांचं आणि नाचाचं नातं मी जोडलेलं नाही, ते आधीपासूनचं आहे.

चित्रावरून नाच बसवणारे बहुतेक जण चित्रातली पोझ घेतात, दिवे मंद करतात आणि थांबतात. तो चित्ररथ झाला. जर्मन नृत्यदिग्दर्शक कुर्ट योस यांनी 1932 साली 'ग्रीन टेबल' बसवलं ते ल्युबेकच्या जुन्या मृत्यूनृत्याच्या चित्रांवरून. पण त्यांनी मृत्यूला खरोखर नाचवलं आणि हिरव्या टेबलाभोवती काळ्या कोटातले मुखवटेवाले सभ्य गृहस्थ वाद घालायला बसवले. चित्रातला माणूस त्या क्षणाच्या आधी काय करत होता आणि नंतर काय करणार होता, हे शोधायचं असतं. नवीन मुलामुलींना मी हेच सांगते, ती ऐकून घेतात आणि रीलवरचं गाणं बसवतात.

लिनोकटमध्ये कोरून काढलं ते पांढरं राहतं, ठेवलं ते काळं उमटतं. मधलं काही नाही. म्हणून मीही काढत गेले. आधी घुंगरू, मग हस्तमुद्रा, मग चेहऱ्यावरचे भाव. उरली ती चित्तप्रसादांच्या माणसांसारखी जड पावलं आणि मोठे हात. तबल्याऐवजी यंत्रमागाचा खटखटाट घेतला. मुलींना त्यात सम सापडायला वेळ लागला नाही, त्या आवाजातच त्या वाढल्यात.

मग हात कशात गुंतवायचे हा प्रश्न आला आणि आपोआप विडी आली. एका मुलीची आई तालमीला बसली होती. मुली पान कापायचा अभिनय ताठ हातांनी करत होत्या, तेव्हा ती बसल्या जागेवरून म्हणाली, "टीचर, तसं नाही. पान भिजवलेलं असतंय, कडक कसं राहील? बोटं मऊ पाहिजेत." मग स्वतः मांडीवर सूप घेऊन करून दाखवलं. पत्र्याच्या मापानं पान कापणं, तंबाखू, वळणं, दोरा, तोंड दुमडणं. खांद्यापासून मनगटापर्यंत काही हलत नाही, फक्त बोटं पळतात आणि त्याच तालात गुडघा किंचित डुलतो. कथकमध्ये इतकी वर्षं घालवून मला एवढी स्थिरता साधलेली नाही. जाता जाता ती म्हणाली, "छाट काढतात ते पण दाखवा की." विडी कारखान्याच्या ब्रँचवर विड्या तपासणारा माणूस नापसंत विड्या बाजूला फेकतो, ती छाट. नाचाचा दुसरा भाग त्या एका वाक्यातून उभा राहिला.

शेवटी दोन मुली रंगमंचाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत लाल कापड ताणून धरणार, हा ताणा. आणि बाकीच्या धोट्यासारख्या त्याच्या खालून-वरून धावणार, असं ठरलं होतं. तालीम बघायला आलेल्या कोणीतरी ते वर कळवलं असावं. कार्यक्रमाच्या आदल्या रात्री मंडळाच्या त्याच पदाधिकाऱ्यांचा फोन आला.

"मॅडम, नाच छानच आहे हो. फक्त ते लाल कापड तेवढं बघा. पाहुणे येणारेत. उगाच बावट्यासारखं दिसतं."

मी म्हटलं, "अहो, नवरीचा शालूही लाल असतो."

"ते घरात. हे स्टेजवर. भगवं करा की."

"मग ते राजकीय होत नाही?"

"त्यात काय राजकीय? ते आपलं सणासारखं वाटतं." मग जरा थांबून, "पण निळं नको हं. आणि हिरवं तर अजिबातच नको."

म्हणजे रंगपेटीतला एकेक रंग हा माणूस मला फोनवरून बाद करून देत होता. मी चिडून इतिहास काढला. 1930च्या एप्रिलमध्ये याच गावच्या नगरपालिकेवर तिरंगा चढला, मे महिन्यात मार्शल लॉ आला, तेव्हा निशाण मिरवणं हाच गुन्हा होता, आणि आपण उद्या ज्यांना हार घालणार आहोत ती माणसं त्याच दिवसांतली आहेत. लाल बावटा कलापथक उभं करणारे अमर शेख आपल्याच जिल्ह्यातल्या बार्शीचे, हेही सांगितलं. पलीकडून शांतपणे उत्तर आलं, "ते वेगळं हो मॅडम. ते आता इतिहासात गेलं." शेवटी, कापड बदला नाहीतर कार्यक्रम आटोपशीर करावा लागेल, असं गोड आवाजात सांगून त्यांनी फोन ठेवला. 'आटोपशीर' म्हणजे काय, ते मला समजलं. मुलींनी महिनोन्महिने घाम गाळला होता. सकाळी दुकान उघडल्या उघडल्या मी कोरा मांजरपाट फाडून आणला.

आता यातला त्रासदायक भाग. काळ्या कपड्यांतल्या मुली आणि तो पांढरा मांजरपाट असा काही दिसला की मी विंगेत उभी राहून बघतच राहिले. लिनोकट जसंच्या तसं हलायला लागलं होतं. लाल असतं तर लोकांनी ते कापडच पाहिलं असतं; पांढऱ्यामुळे सगळ्यांची नजर मुलींच्या बोटांवर गेली. म्हणजे तो माणूस बरोबर होता का? नव्हता. त्याला चित्र सुधारायचं नव्हतं, त्याला पाहुण्यांची भीती वाटत होती. चुकीच्या कारणानं कोणी बरोबर सांगितलं तर त्याचे आभार मानायचे का, हे मला कळत नाही. मी मानले नाहीत.

आणि आणखी एक गोष्ट आहे, ती त्या फोनइतकीच डोक्यात बसली आहे. चित्तप्रसादांच्या दुष्काळातल्या रेखाटनांवर पुष्कळदा त्या माणसाचं नाव, गाव लिहिलेलं असतं. म्हणून छाटीच्या भागात प्रत्येक मुलीनं मोठ्यानं आपल्या आईचं नाव घ्यावं, असं मी ठरवलं होतं. मुली खूश होत्या. आयांनी एकजात नकार दिला. "नाव नको टीचर. कार्यक्रमाला ब्रँचवाले येतात. उद्यापासून माझीच छाट जास्त निघायची." मी एका शब्दानं वाद घातला नाही. नावं काढून टाकली, तिथे नुसता मागाचा आवाज ठेवला.

दोन्ही ठिकाणी भीतीच होती. आयांच्या भीतीपुढे मी मान तुकवली आणि मंडळाच्या भीतीवर आजवर भांडते आहे. यात मला काही गैर वाटत नाही. एकीकडे दिवसाची मजुरी जाते, दुसरीकडे फार तर पुढच्या वर्षीची देणगी. पण माझी सगळ्यात मोठी विद्यार्थिनी म्हणते, "टीचर, तुम्ही कापडासाठी इतकं भांडलात, नावांसाठी का नाही?" मी तिला मजुरी-देणगीचा हिशेब सांगितला. तिला तो पटलेला नाही. आता बार्शीहून बोलावणं आलंय. तिथे कुठल्याच सोलापूरच्या ब्रँचचा माणूस नसेल, म्हणून नावं घ्यायचीच असं ती आपल्या आईला पटवते आहे. आई अजून 'नाही'वरच आहे. कापड मात्र पांढरंच ठेवायचं, हे मुलींनी मला न विचारता ठरवून टाकलंय.