ओली फरशी आणि आजीचं हाड

आजी पडली ती कुणामुळे, यावर बुऱ्हाणपुरात आमच्या घरी महिनाभर वाद चालू होता. मोरीजवळची फरशी ओली होती, आणि ती आईनं धुतली होती. लालबागहून आत्या आली, आजीला भेटली आणि थेट म्हणाली, "वहिनी, फरशी कोरडी करायला असा किती वेळ लागतो?" आई गप्प.

आजी उभ्याउभ्या घसरली, एवढंच. तिच्या मते गुडघा गेला होता. एक्स-रेत दिसलं की मांडीचं हाड गुडघ्याच्या जरा वर तुटलंय. या जागी पोटरीचा स्नायू खालचा तुकडा मागे ओढतो, आणि मागेच पायाची मोठी रक्तवाहिनी असते. म्हणून जळगावच्या डॉक्टरांनी आधी पावलाची नाडी पाहिली. मग चीर सांध्यात गेलीय का, ते सीटी स्कॅन करून पाहिलं. गेली नव्हती. प्लेट आणि स्क्रू बसले. हाडांची घनताही तपासली. फारच कमी निघाली.

माझा मावसभाऊ पुण्यात मेडिकल कोडिंग करतो, म्हणजे अमेरिकेतल्या रुग्णांच्या कागदांवरून आजारांचे कोड लावतो. आजीचा डिस्चार्जचा कागद त्याला पाठवला.

"मार लागून इथं तुटलं तर एस ७२.४," तो म्हणाला. "त्यातही उजवा की डावा, तुकडे सरकलेत का, जखम उघडी आहे का, सगळं बघायचं. पण इथं डॉक्टरांनी ऑस्टिओपोरोसिस लिहिलंय ना? मग एस नाही, एम ८०."

नियम असा, की हाडं ठिसूळ असल्याचं माहीत असेल आणि निरोगी हाड सहसा मोडणार नाही अशा किरकोळ पडण्यानं ते मोडलं, तर कोड पडण्याचा नाही, ठिसूळपणाचा लागतो. मात्र तसं डॉक्टरांनी लिहिलेलं हवं. नुसतं वय बघून कोडरनं ठरवायचं नाही. गंमत म्हणजे एम ८० मध्ये 'उजव्या मांडीचं हाड' एवढंच उरतं. गुडघ्याजवळ की खुब्याजवळ, ते गळूनच जातं!

आत्याला हे सांगितलं. "आकड्यानं काय होतंय?" ती म्हणाली.

नुसती फरशी दोषी असती, तर प्लेट बसली की काम संपलं असतं. ठिसूळपणा दोषी म्हटला की दुसऱ्या पायाचीही काळजी आली. आजीला आता कॅल्शियम, व्हिटॅमिन डी आणि वर्षातून एकदा इंजेक्शन आहे.

आत्या स्वतः साठीला आलीय. पुढच्या खेपेला आजीबरोबर तिलाही तपासणीला न्यायचं, असं आईनं ठरवलंय.