पानांवरची माया

तासगाव तालुक्यात आमची तीस गुंठे द्राक्षबाग आहे. अब्बांनी लावलेली आणि अब्बांनीच सांभाळलेली. मी शाळेत उर्दू-मराठी शिकवतो, धाकटा भाऊ मिरजेत नोकरी करतो. बागेत आम्ही दोघं जायचो ते रविवारी, तेही बहुतेक करून द्राक्षं खायला. 2022च्या जानेवारीत अब्बांची उजवी बाजू लुळी पडली आणि बाग माझ्या गळ्यात आली.

ज्यांना बागेची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. थंड देशांत हिवाळ्यात वेल झोपतो. आपल्याकडे तो झोपत नाही, म्हणून त्याला वर्षातून दोनदा छाटावं लागतं. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरच्या सुमाराला फळछाटणी. दोन छाटण्या, पीक एकच. घड दिसतात ते ऑक्टोबरनंतर. पण ते घडतात आधी, एप्रिल-मेच्या कडक उन्हात, नव्या काडीवरच्या डोळ्याच्या आत. खरड छाटणीनंतर साधारण चाळीस ते साठ दिवस हे काम चालतं. त्या दिवसांत काडीला आणि डोळ्याला ऊन मिळालं तर आत सूक्ष्म घड तयार होतो. सावली मिळाली तर त्याच्या जागी नुसती बाळी येते, वेल ज्यानं तारेला धरून राहतो ती. हे सगळं मला आज ठाऊक आहे. तेव्हा माहीत नव्हतं, आणि विचारायची लाज वाटत होती.

त्या वर्षी खरड छाटणी रमजानमध्ये आली. सहेरी करून, फजरची नमाज पढून मी टोळीबरोबर बागेत जायचो आणि ऊन चढायच्या आत परत यायचो. छाटणी नीट झाली. बोडक्या ओलांड्यांवर आठवड्या-दोन आठवड्यांत पोपटी फुटवे आले. तीन महिने घरात औषधांचा वास होता. मला हे हिरवं बघूनच बरं वाटायला लागलं.

ईद झाली आणि विरळणीची वेळ आली. एका डोळ्यातून दोन-दोन, तीन-तीन फुटी आलेल्या असतात. त्यातली जोमदार, योग्य जागेवरची ठेवायची आणि बाकीच्या काढून टाकायच्या. टोळीतल्या बायकांचे हात सपासप चालतात. एका ओळीतच खाली हिरव्या फुटींचा ढीग पडला. मला बघवेना. इतकं टवटवीत, निरोगी, आणि आपण ते मातीत फेकतोय? मी म्हणालो, "राहू द्या मावशी, एवढं बास." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मास्तर, दाटी हुईल बघा," एवढंच बोलल्या आणि विळी-टोपल्या घेऊन पुढच्या बागेत गेल्या. बगलफुटीही मी काढू दिल्या नाहीत.

जूनपर्यंत मांडव असा भरला की रस्त्यानं जाणारे थांबून बघायचे. मी मोबाईलवर फोटो काढले आणि अब्बांना दाखवले. जीभ अजून जड होती. त्यांनी फोटो जवळ धरला, बराच वेळ बघितला आणि विचारलं, "नीचे धूप पडती क्या?"

मी म्हणालो, "हां अब्बा, पडती."

"विरळणी करी?"

"करी."

शाळेत मुलांना खोटं बोलू नये म्हणून निबंध लिहायला लावणारा माणूस मी. आजारी बापाला त्रास नको, अशी मी माझी समजूत घातली. खरं म्हणजे मला माझी चूक कबूल करायची नव्हती.

पावसाळ्यात दाटीचं दुसरं रूप दिसलं. आतली पानं वाळत नव्हती आणि फवारणी आतपर्यंत पोहोचत नव्हती. वरची पानं औषधानं पांढरी आणि आत डाऊनीचे डाग. सावलीतली पानं पिवळी पडून गळायला लागली. ऑगस्ट सरला तरी बऱ्याच काड्या हिरव्याच होत्या. पिकलेली काडी तपकिरी होते, बोटानं वाकवली की कळते. आमच्या काड्या मऊ.

फळछाटणीच्या आधी काडी तपासून घेतात. मी दहा काड्या बांधून प्रयोगशाळेत नेल्या. तिथल्या तरुणानं एकेक डोळा ब्लेडनं कापून सूक्ष्मदर्शकाखाली धरला. तिसऱ्या-चौथ्या काडीनंतर त्यानं मलाच बघायला सांगितलं. आधी दुसऱ्या कुणाच्या बागेतला डोळा दाखवला. आत इवलासा घड, मण्यांच्या पुंजक्यासारखा. मग आमचा. आत काही नव्हतं. तो म्हणाला, "सर, मे महिन्यात ऊन लागलं नाही याला."

त्या वर्षी औषधाचा खर्चसुद्धा निघाला नाही. सोसायटीचं कर्ज डोक्यावर होतं. भाऊ म्हणाला, "भाईजान, बाग काढून टाकू. तुमच्यानं होत नाही, मला वेळ नाही." त्याचं चुकत नव्हतं. पण बाग काढायची तर अब्बांना विचारायला हवं होतं, आणि विचारायचं तर मेमधलं खोटं आधी सांगायला हवं होतं.

एका शुक्रवारी जुम्मा करून आल्यावर त्यांच्या पलंगाशी बसलो आणि सांगितलं. ते रागावले नाहीत. डाव्या हातानं माझा हात धरला आणि तुटक-तुटक जे बोलले त्याचा अर्थ असा: तुला पानांची दया आली. दया वाईट नाही. पण वेलाची ताकद तेवढीच असते. ज्याला त्याला थोडी-थोडी वाटलीस तर कुणाच्याच पदरात काही पडत नाही.

2023चा एप्रिलही रमजानमध्येच आला. खरड छाटणी केली. ईदनंतर सुट्टी होती. मी प्लास्टिकची खुर्ची ओळीत नेऊन ठेवली आणि भावानं अब्बांना उचलून आणून बसवलं. मावश्या पुन्हा आल्या होत्या, मागच्या वर्षाचं काही बोलल्या नाहीत. अब्बा डाव्या हाताच्या बोटानं दाखवत, मी काढत गेलो. ही ठेव. ही काढ. सात पानांवर शेंडा खूड. हात थांबला की ते ओरडत, "रुकता कायकू?" ऐन दुपारी त्यांनी मला वर नव्हे, खाली बघायला सांगितलं. मांडवाखालच्या मातीवर जागोजाग उन्हाचे कवडसे पडले होते. हीच त्यांची मोजपट्टी. जमिनीवर कवडसे दिसले नाहीत, तर काडीलाही ऊन नाही.

उर्दूत 'कलम करना' म्हणजे छाटणं. लेखणीही कलमच, आणि मराठीत झाडाचंही कलमच. वीस वर्षं हा शब्द फळ्यावर लिहितोय. त्या दुपारी बोटं डिंकासारख्या रसानं काळी झाली तेव्हा तो मला नीट कळला, असं म्हटलं तर मुलं हसतील. हसू देत.

ऑक्टोबरात छाटणी झाली, पेस्ट लागली, डोळे फुटले. दहा-बारा दिवसांनी अब्बांना पुन्हा खुर्चीवर बसवून नेलं. बहुतेक काड्यांवर दोन-दोन घड होते. माझे डोळे भरून आले. मी म्हणालो, "अब्बा, देखो, माशाअल्लाह!"

त्यांनी बराच वेळ बघितलं. मग बोट उचललं आणि म्हणाले, "जास्ती हैं. एक-एक रख."